फेल्टवर दोन थेंब

खानापूरहून नंदगडकर बाई आल्या,
अडुसष्टची फियाट, रंग दुधात चिंच पडल्यासारखा.
चढाला लागली की उचक्या देते म्हणाल्या,
आणि रेल्वे फाटकाशी उभी केली
की बॉनेटखाली कुणी पाय आपटत असल्यागत थरथरते.

माझ्या आधी तीन गॅरेज झालेली.
प्लग नवे. कॉइल नवी. कंडेन्सर दोनदा.
कार्ब्युरेटर इतक्यांदा धुतलेला की पितळेला लाज यावी.
बाईंनी पावत्या वहीत चिकटवल्या होत्या,
तारखेसकट, लाल पेनाच्या शेऱ्यासकट:
फरक नाही. फरक नाही.
किंचित. मग नाही.
चौतीस वर्षं पदार्थविज्ञान शिकवलं होतं त्यांनी.

टायमिंगचा दिवा पुलीवर धरला.
खूण एका जागी थांबेना,
इकडे दोन अंश, तिकडे तीन,
आमच्याकडच्या एसटीच्या पाट्यांसारखी,
निपाणीच्या अलीकडे एक लिपी, पलीकडे दुसरी,
गाव तेच.

टोपी काढली. रोटर काढला.
तौसीफला म्हटलं, हँडल मार, हळू.
पहिल्या उंचवट्यावर पंधरा थाऊची पट्टी
लोण्यातून जावी तशी गेली.
दुसऱ्यावर सैल.
तिसऱ्यावर शिरेना.
दांडा एक, कोपरे चार, आणि चौघांचं चार म्हणणं.

तेव्हा शाफ्ट चिमटीत धरून बाजूला ढकलला.
टक्.
नखावर नख वाजावं एवढाच आवाज.
तौसीफला ऐकूच आला नाही, पुन्हा करून दाखवला.
टक्.
सात पावत्यांच्या फटीतून निसटलेला
तो हा.

उद्यमबागेत इरण्णा लेथवर वाकलेला,
मान वर न करता म्हणाला, आज काय घेऊन येऊलास?
मी बुश त्याच्या तळहातावर ठेवला.
त्यानं भोकातून आभाळाकडे बघितलं,
मग माझ्याकडे, त्याच भोकातून.
गोल नव्हतं ते आता. तांदळाच्या दाण्याकडे झुकलेलं.
आमचं भांडण कधी थाऊवर होत नाही;
भाव तो कानडीत सांगतो, मी मराठीत पाडतो,
सूत मात्र दोघांचं एकच.
रात्रभर नवा बुश तेलात बुडवून ठेव म्हणाला,
पिऊ दे त्याला.

सकाळी बाई आल्या तेव्हा जोडणी चालली होती.
मी विचारलं, रोटरच्या खाली, शाफ्टच्या डोक्यावर
फेल्टची टिकली असते बघा,
तिच्यावर कुणी तेल घालत नव्हतं का?
कसलं तेल?
दोन थेंब. दोन-तीन महिन्यांनी.
बाई गप्प झाल्या.
मग म्हणाल्या,
हे जायचे. महिन्या-दोन महिन्यांनी एखाद्या रविवारी बॉनेट उघडून,
चहा ठेवला की नेमके.
मला वाटायचं बिडी ओढायला जातात.
मी नऊ वर्षं बोलले त्यांना त्यावरून.

तौसीफनं पाना खाली ठेवला, उगाच पुसला.
मला काही सुचलं नाही, म्हणून स्टार्टर मारला.

खूण उभी राहिली.
अगदी नाही, केसभर हलत होती,
साखळी जुनीच आहे, ते मी सांगितलं,
बाईंनी लिहून घेतलं.
जुना बुश मागितला त्यांनी,
त्यात पेन्सिल खोचून कानाशी हलवला,
खुळखुळ्यासारखा,
आणि मोठ्यानं हसल्या, अहो, सहा आठवड्यांचा फरक
मला सेकंदात ऐकू येतोय!
काय म्हणायचं होतं त्यांना, मी विचारलं नाही.

बिलावर इरण्णानं नग एक लिहिला होता,
कानडी एक,
खालून उघडं राहिलेलं वर्तुळ.
बाईंनी तो कागद वहीत चिकटवला,
लाल पेन उघडलं,
शेऱ्याची जागा मोकळी ठेवली,
आणि माझ्याकडची तेलाची लहान कुपी
न विचारता पर्समध्ये टाकून निघाल्या.